मामाजी आणि त्यांची इंग्रजी

इंग्रजी भाषेवर आमच्या मामाजींनी जेवढं प्रेम केलं, तेवढं खुद्द इंग्लंडातल्या माणसांनीही केलं नसेल, असं माझं ठाम मत आहे. त्या लोकांना ती घरबसल्या मिळाली, त्यांना काय तिची किंमत! मामाजींनी ती काटोलकडच्या एका खेड्यातून, बैलांच्या मागे चालत, कुणाकुणाची उष्टी पुस्तकं मागून मिळवली आणि मग जन्मभर कोराडीच्या थर्मल वीजकेंद्राच्या कॉलनीतल्या शाळेत उभं राहून दोन्ही हातांनी वाटली. मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी आणि सासूला मामीजी म्हणायची रीत आहे. रिटायर झाल्यावर ते नागपूरजवळच्या बेसाला फ्लॅट घेऊन राहायला आले, तर तिथल्या पोट्ट्यांनाही त्यांनी सोडलं नाही. आणि असा हा चोवीस तास बोलणारा माणूस गेल्या वर्षी एका सकाळी दाढी करता करता खाली बसला, आणि दवाखान्यातून घरी आला तेव्हा त्याच्या तोंडात एक शब्द उरला नव्हता. हातपाय वाचले, समज वाचली, माणसं ओळखू येत होती. नुसतं बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूचा झटका आहे, बोलणं येईलही, नाहीही. तेव्हापासून आमच्या घरात एकच प्रश्न होता, मामाजी पुन्हा बोलतील का? पण ते कसे बोलायचे हे आधी सांगतो, नाहीतर काय गेलं होतं ते तुम्हाला कळायचं नाही.

राखेच्या गावात हा माणूस रोज पांढराशुभ्र शर्ट घालायचा. दुपारपर्यंत खांद्यावर थर्मलची राख बसायची. मग खिशातून रुमाल काढायचा, ती झटकायची आणि झटकताना म्हणायचं, ‘एक्स्क्यूज मी.’ राखेला! रस्त्यात आडव्या बसलेल्या गाईला ते ‘मॅडम, प्लीज’ म्हणायचे आणि ती उठेपर्यंत सायकल धरून उभे राहायचे. कॉलनीत एक तांबडं कुत्रं होतं. बाकीच्या लोकांनी ‘हट, हट’ म्हणून घसा कोरडा केला तरी ते हलायचं नाही, आणि मामाजींनी नुसतं ‘गो होम’ म्हटलं की शेपूट हलवत चालू पडायचं. याचा त्यांना भयंकर अभिमान. पालक भेटायला आले आणि ‘सर, आधी मराठीत अर्थ सांगा ना, मग पोरगं शिकन’ असं म्हणाले की मामाजी त्यांना हाताला धरून बाहेर न्यायचे, कुत्रं दाखवायचे आणि विचारायचे, ‘याला कुणी भाषांतर करून सांगितलं?’ पालक बिचारे कुत्र्याकडे बघत घरी जायचे.

भाषांतर म्हणजे त्यांच्या लेखी महापाप. वस्तू दाखवायची, हालचाल करायची, शब्द उच्चारायचा, बस. म्हणून त्यांच्या शाळेच्या झोळीत काय काय असायचं! झारा, छत्री, कुलूप, तुटकी चप्पल, एकदा तर नारळाची अख्खी झावळी. आणि एकदा जिवंत कोंबडी. वर, खाली, आत, मागे हे सगळं एका तासात शिकवायचं म्हणून शेजारच्यांकडून मागून आणली होती. त्यांचा बेत असा, की कोंबडी टेबलावर ठेवायची, मग टेबलाखाली ठेवायची, मग पेटीत ठेवायची. पण कोंबडीने त्यांचा बेत वाचलेला नव्हता. ती फडफडत हेडमास्तरांच्या खोलीत शिरली आणि कपाटावर जाऊन बसली. अख्खा वर्ग मागे! हेडमास्तर खुर्चीवर चढलेले, आणि मामाजी दारात उभे राहून मोठ्याने विचारताहेत, ‘व्हेअर इज द हेन?’ पोरं कोकलताहेत, ‘ऑन द कपाट, सर! ऑन द कपाट!’ मग कोंबडी खाली उतरून हेडमास्तरांच्या धोतराआड गेली तेव्हा काय उत्तर आलं असेल ते तुम्हीच ठरवा. हेडमास्तरांनी मेमो दिला. मामाजी म्हणाले, ‘देऊ द्या. त्या वर्गातला एकही पोरगा जन्मात हे शब्द विसरायचा नाही.’ ते मात्र खरं निघालं. त्यातली पोरं आज पोटं सुटलेले साहेब आहेत आणि भेटले की पहिल्यांदा कोंबडीचीच चौकशी करतात.

रविवारी शाळा बंद असायची म्हणून त्यांचा जीव घुसमटायचा. मग त्यांनी बसमधला वर्ग काढला. कोराडीहून नागपूरच्या बर्डीला जाणारी सकाळची बस, तीत आठ-दहा पोरंपोरी, आणि नियम एवढाच की बर्डी येईपर्यंत मराठीत एक अक्षर बोलायचं नाही. खिडकीबाहेर दिसेल ते बोला. ट्रक दिसला, बोला. कोळसा सांडला, बोला. शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाकडून खिडकीची जागा निव्वळ इंग्रजीच्या बळावर मिळवायची, ही तर परीक्षाच. एका पोरीने एका मिशाळ पहेलवानाला ‘सर, मे आय सिट हिअर?’ असं इतक्या जोरात आणि इतक्यांदा विचारलं, की तो गडी हात जोडून उठला आणि मागच्या दारात जाऊन उभा राहिला. ‘चेकिंगवाल्याची पोरगी दिसते,’ असं तो कंडक्टरला म्हणाल्याचं ऐकिवात आहे. कंडक्टर सुरुवातीला चिडायचा. ‘गुरुजी, ह्या पोट्ट्याईले चूप करा, मले टिकटं फाडू द्या,’ म्हणायचा. पण हळूहळू त्यालाही गोडी लागली, आणि मग तो आठवडाभर बाकीच्या बसमध्येसुद्धा ‘मूव्ह, मूव्ह, बॅकसाइड खाली आहे’ करत फिरायला लागला. मामाजींनी त्याला बसमध्येच पेढा भरवला.

पण ही सगळी वरवरची गंमत. मामाजींची खरी पद्धत एकच होती, थांबायची. पोरगं उभं राहिलं, बोलता बोलता अडलं, की बाकीचे मास्तर शब्द पुरवतात, नाहीतर छडी पुरवतात. मामाजी दोन्ही करायचे नाहीत. हात मागे बांधून खिडकीतून थर्मलच्या चिमणीकडे बघत उभे राहायचे. कुणी शेजाऱ्याने कुजबुजून शब्द सांगितला, तर मात्र त्यांचा पारा चढायचा. ‘त्याचा शब्द होता तो! तू कशाला खाल्लास? शब्द आत असतो रे, वाटेत असतो. ढकलू नका, येऊ द्या.’ आणि तो यायचाच. वाकडातिकडा, धडपडत, पण यायचा.

याचा अनुभव मी स्वतः घेतलेला आहे आणि तोही लग्न ठरायच्या दिवशी. मी मराठी शाळेतला, बुटीबोरीच्या कापडाच्या कारखान्यात नुकताच चिकटलेला. मुलगी बघायला गेलो, समोर तर्रीपोह्यांची, म्हणजे वरून झणझणीत रस्सा ओतलेल्या पोह्यांची बशी आली, आणि मामाजींनी विचारलं, ‘हे कसं झालंय, इंग्रजीत सांगा बघू.’ माझ्या हातातला चमचा थांबला. ‘तर्री इज…’ म्हणालो आणि पुढे अंधार! माझे काका मदतीला धावले तर मामाजींनी नुसता हात वर केला. पोहे गार झाले. मुलगी पदराआड हसतेय, तिची मैत्रीण तर उघड हसतेय, आणि हा माणूस शांतपणे माझ्याकडे बघत बसलाय, जणू माझं बोलणं ऐकण्याशिवाय त्याला जगात दुसरं काम नाही. शेवटी माझ्या तोंडून निघालं, ‘तर्री इज व्हेरी डेंजर, बट आय वॉन्ट मोअर.’ मामाजी ताडकन उठले, माझा हात हातात घेतला आणि आत ओरडले, ‘अहो, पक्कं करा! मुलगा खरं बोलतो.’ लग्नानंतरही दर रविवारी त्यांनी मला सोडलं नाही. आज कारखान्यात साहेबांसमोर मी चार वाक्यं न घाबरता बोलतो, ती त्यांच्यामुळे.

या सगळ्या राज्यात एकच माणूस त्यांच्या हाती लागला नाही, तो म्हणजे मामीजी. नव्या नवरीला त्यांनी पहिल्याच आठवड्यात इंग्रजी शिकवायला घेतलं तेव्हा तिने सांगून टाकलं, ‘मले जे बोलाचं ते मी माह्या भाषेत बोलीन. तुमाले समजत नसन तर तुमी शिका.’ आता गंमत अशी, की तीच भाषा मामाजींच्याही घरची. पण मास्तराची भाषा स्वच्छ पाहिजे म्हणून त्यांनी आपली वऱ्हाडी कधीच गावाकडे सोडून दिली होती आणि मराठीसुद्धा ते रेडिओवरच्या बातम्यांसारखी बोलायचे. मुलीने ‘काहून’ म्हटलं की ‘का म्हणा, का’ अशी दुरुस्ती लगेच व्हायची. मामीजींची दुरुस्ती करायची मात्र त्यांची छाती झाली नाही. जन्मभर एक बोलायचा रेडिओसारखं, एक बोलायची बांधावरून हाक मारावी तसं, आणि दोघांचं अगदी छान चालायचं.

असो. तर असा माणूस मुका होऊन घरी आला. बोलणं शिकवणाऱ्या थेरपिस्ट बाई आल्या, मोठ्या गोड स्वभावाच्या. त्यांनी विचारलं, ‘घरात कोणती भाषा बोलतात हे?’ आणि आम्ही सगळे, म्हणजे मी, माझी बायको, भेटायला आलेले त्यांचे जुने विद्यार्थी, एका सुरात ओरडलो, ‘इंग्लिश!’ मामीजी तेव्हा आत चहा करत होत्या. त्यांना विचारायचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही. ही चूक आमच्यासारखीच माणसं करू जाणोत. ज्या भाषेवर त्यांचा एवढा जीव, तीच आधी परत येणार, यात आम्हाला काडीची शंका नव्हती. झालं! घरात इंग्रजीचा पाऊस सुरू झाला. सकाळी माझी बायको, संध्याकाळी मी, शनिवार-रविवार विद्यार्थी. कुणी सफरचंद दाखवतोय, कुणी पेला दाखवतोय. ‘से वॉटर, सर. वॉ-टर.’ मामाजी तोंड उघडायचे, ओठ थरथरायचे, आणि काही बाहेर येण्याच्या आत आमच्यातला कुणीतरी मायेपोटी म्हणून टाकायचा, ‘वॉटर! वॉटर म्हणायचंय सरांना! आणा, पाणी आणा!’ पाणी यायचं, शब्द आत राहायचा. हळूहळू त्यांनी तोंड उघडणंच सोडलं. आम्ही खोलीत शिरलो की ते भिंतीकडे मान वळवायचे. थेरपिस्ट बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘त्यांनी प्रयत्नच सोडला तर मग कठीण आहे.’ माझी बायको त्या दिवशी जिन्यात बसून रडली.

त्याच आठवड्यातल्या रविवारी त्यांचा एक लाडका विद्यार्थी आला होता. त्याने हातात संत्रं दिलं आणि म्हणाला, ‘से थँक्यू, सर. थँक्…’ आणि स्वयंपाकघरातून मामीजी बाहेर आल्या, हातात उलथनं घेऊन. ‘निंगा,’ त्या म्हणाल्या. ‘निंगा सारे घरातून. मान्साले बोलू देता का नाई? जन्मभर त्यायनं तुमाले सांगतलं, शब्दाले ढकलू नोका. मी आतून आयकत होती. मले इंग्रजी नाई येत, पन हे येते. तुमी शिकले का शिकले नाई?’ तो साहेब माणूस, मोठ्या हुद्द्यावरचा, चप्पल हातात घेऊनच जिना उतरला. मीही निघालो, तर मला म्हणाल्या, ‘तुमी थांबा जवाईबुवा, जेवून जा.’

जेवण मात्र अळणी होतं. वरण अळणी, भाजी अळणी. वय झालं, विसरल्या असतील, म्हणून मी गप्प राहिलो. पुढच्या खेपेलाही तेच. बायको म्हणाली, ‘आई, मीठ…’ आणि मामीजींनी टेबलाखालून तिला असा चिमटा काढला की ती जेवण होईपर्यंत मांडी चोळत होती. मग आमच्या ध्यानात आलं. त्या घरात मीठच पानात वाढलं जात नव्हतं आणि मिठाची बरणीही दिसेनाशी झाली होती. मामाजी घास घ्यायचे, ताटाकडे बघायचे, मामीजींकडे बघायचे. बरणीच्या रिकाम्या जागेकडे बोट करायचे. मामीजी गॅलरीतून बेसाच्या नव्या इमारती बघत बसायच्या, जणू त्यांना फ्लॅट घ्यायचाय. ‘काय पायजे तुमाले? बोला,’ एवढंच म्हणायच्या आणि पुन्हा बाहेर बघायच्या. भरल्या ताटावरून माणूस उपाशी उठतोय आणि ही बाई बघत बसते, याचा मला संताप यायचा. एकदा बोललोही. त्या म्हणाल्या, ‘माह्या पोटात काय तुटत नाई का?’ त्याही तेच अळणी जेवत होत्या, हे मला तेव्हा दिसलं. मी आपला खिशात मिठाची पुडी घेऊन जायला लागलो, खोटं कशाला बोलू.

मग एका रविवारी त्यांनी पातोडीची रस्साभाजी केली, झणझणीत रश्श्यातल्या बेसनाच्या वड्या. मामाजींचा जीव की प्राण! वास दारापर्यंत आला होता. मामाजींच्या चेहऱ्यावर किती तरी दिवसांनी तरतरी दिसली. त्यांनी भाकरी चुरली, रस्सा ओतला, मोठा घास घेतला, आणि थांबले. पातोडीसुद्धा अळणी! त्यांनी घास गिळला. ताट पुढे ढकललं. कपाळाची शीर उभी राहिली, चेहरा लाल झाला, ओठ हलायला लागले. माझ्या बायकोने तोंड उघडलं, तोच मामीजींनी तिचं मनगट धरलं. कुणी हललं नाही. त्या एवढ्याशा वेळात मी कोणकोणते देव आठवले ते माझं मला माहीत. मामाजींच्या गळ्यातून आधी नुसता आवाज आला, मग तो अडला, मग पुन्हा आला, आणि त्यांनी टेबलावर मूठ आपटून म्हटलं, ‘मीठ… काहून… नाई वं?’

‘भुलली मी,’ मामीजी म्हणाल्या आणि आत गेल्या. नळ सुरू झाला आणि बराच वेळ सुरू राहिला. मीठ शेवटी मीच माझ्या खिशातून काढून दिलं.

त्यानंतर शब्द येत गेले, एक एक करून, पण सगळे गावाकडचे. माय, बैल, वावर, भाकर, इहीर. रेडिओची मराठी आली नाही, काटोलकडचं पोट्टंच बोलायला लागलं. पूर्वी मला ‘जावईबापू, आपण बसावं’ म्हणणारा माणूस आता म्हणतो, ‘आला का गा? बस. काय म्हनते कारखाना?’ मला हे फार आवडतं, अगदी खरं सांगतो. पण इंग्रजी आली नाही. एक शब्द नाही. जुने विद्यार्थी अजून येतात, सवयीने ‘गुड इव्हनिंग, सर’ म्हणतात आणि मग सगळे गप्प बसून थांबतात, कुणी कुणाला कुजबुजून सांगत नाही. मामाजी त्यांच्या तोंडाकडे कौतुकाने बघतात आणि म्हणतात, ‘चा घे गा.’ मी एकदा मामीजींना चिडवलं, ‘शेवटी तुमचीच भाषा जिंकली की!’ त्यांना ते मुळीच आवडलं नाही. ‘जितून काय करू? त्याईची येवढी जीवापाड जपलेली चीज गेली, अन् तुमाले मजाक सुचते,’ म्हणाल्या आणि दोन दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

परवाच्या रविवारी मी आणि मामाजी क्रिकेट बघत बसलो होतो. कॉमेंट्री इंग्रजीत चालली होती, कुणी तरी म्हातारा गोरा बोलत होता, सावकाश, एकेक शब्द तोलून. मराठी कॉमेंट्री लावावी म्हणून मी रिमोट उचलला तर मामाजींनी माझा हात धरला. खुर्ची पुढे ओढली आणि कान देऊन ऐकत राहिले. चेंडू कुठे गेला, कोण बाद झाला, तिकडे त्यांचं लक्षच नव्हतं. थोड्या वेळाने म्हणाले, ‘गोड बोलते गा.’ मी म्हटलं, ‘हो.’ ते पुन्हा ऐकत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘हे भाषा मले येत होती, नाई का गा?’

‘येत होती मामाजी,’ मी म्हणालो. ‘फार सुंदर येत होती. आम्हा सगळ्यांना तुम्हीच शिकवली.’

ते पडद्याकडे बघत राहिले. मी थांबलो. मग त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि विचारलं, ‘मंग सांग ना, तो काय म्हनून राहिला?’

मी टीव्हीचा आवाज थोडा कमी केला आणि सांगायला लागलो. म्हणतो, पिच कोरडं पडलंय. म्हणतो, आता चेंडू वळेल. म्हणतो, या पोराने घाई करू नये, त्याच्याजवळ वेळ आहे. सामना संपेपर्यंत मी त्या गोऱ्याचं एकेक वाक्य मराठीत सांगत राहिलो, आणि मामाजी डोळे मिटून दोघांचंही ऐकत राहिले.